हिरव्या झाकणाचं आइस्क्रीम

वरचा मजला भाड्यानं बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा काकांनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीही विचारलं नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचा पुडा नेला होता. तो त्यांनी हातात घेतला, उलटा केला, खिशातून भिंग काढलं आणि दारातच उभं राहून वाचायला लागले. मी पायरीवर उभी. सोलापूरचं ऊन मी म्हणत होतं. दोनेक मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"पामतेल. आणि चार बिस्किटांत दीड चमचा साखर. हे तुम्ही आमच्यासाठी आणलंत?"

"हो," मी म्हणाले.

"मनापासून आणलंय म्हणून ठेवून घेतो. खाणार कोणी नाही."

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अवो, तिला आत तरी घ्या की! पुडा वाचून झाला असंल तर आता माणसाकडं बगा."

ते काका आणि त्या काकू. जुळे सोलापुरात त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते दोघं आणि वर भाडेकरू. मुलगा पुण्याला. मी त्यांच्याकडे चार वर्षं राहिले आणि त्यातलं शेवटचं वर्ष मला आयुष्यातून पुसून टाकता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

काका एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. दुधाला फॅट किती लागलं हे बघण्यात सगळी नोकरी गेली. गावोगावचे लोक कॅन घेऊन यायचे आणि फॅट कमी लागलं की भांडायचे. काका सांगायचे, "दूध कधी भांडलं नाही. माणसं भांडली." काकूंच्या सख्ख्या भावाच्या दुधात त्यांनी पाणी निघालं म्हणून लिहून ठेवलं होतं. "माजा भाऊ चार वर्सं दारात आला न्हाय," काकू मला सांगायच्या. त्यात तक्रार होती की अभिमान, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

फॅट आणि एसएनएफ या दोन गोष्टींवर ते अख्खं जग मोजायचे. एसएनएफ म्हणजे दुधातलं फॅट आणि पाणी सोडून उरलेलं सत्त्व. कॉलनीत कोणी नवीन माणूस भेटला की घरी येऊन म्हणायचे, "फॅट चांगलं आहे, एसएनएफ नाही." म्हणजे बोलणं गोड, आत काही नाही. एका नगरसेवकाबद्दल ते म्हणाले होते की दोन्ही शून्य, नुसतं पाणी, तेही टँकरचं.

त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास गोंधळायचा. फळीवरचा एकूणएक पुडा, डबा, बाटली भिंतीकडे तोंड करून उभी. समोर दिसायच्या त्या मागच्या बाजू, बारीक अक्षरांतल्या. पोहे कुठले, साबण कुठला, कळायचं नाही. एकदा मी चहाच्या पत्तीऐवजी रांगोळीचा पुडा उचलला होता. काकांचं म्हणणं असं की पुडा पुढून जाहिरात करतो आणि मागून जबानी देतो, आणि घरात जाहिराती कशाला लावायच्या? काकूंना लिहिता-वाचता यायचं, पण ती अक्षरं त्यांना दिसायची नाहीत. त्या डबे हलवून, वास घेऊन ओळखायच्या आणि कधी चुकायच्या नाहीत.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. टॉवेलचं वजन, मापं, शिवण आणि लेबल बघायचं हे माझं काम. हे कळल्यावर काकांना झालेला आनंद मी विसरणार नाही. "म्हणजे तुम्ही आमच्याच खात्यातल्या की!" त्या दिवसापासून मी टॉवेलबाई झाले. त्यांनी माझ्याकडून एक टॉवेल विकत घेतला, वजन केलं, धुतला, वाळवला, पुन्हा वजन केलं, असं दहा वेळा. मग एका सकाळी मला जिन्यात गाठून म्हणाले, "टॉवेलबाई, तुमच्या लेबलवरचं वजन धुण्याआधीचं आहे. लोक टॉवेल धुतात." मी साहेबांना सांगते म्हणाले. सांगितलं अर्थातच नाही.

त्यांची अहो-जाहो सगळ्यांना. मला, भाजीवालीला, दारात येणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "आधी तपासायचं, मग अरेतुरे करायचं," असं ते म्हणायचे, आणि कोणालाच अरेतुरे करत नव्हते.

होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. जेवणानंतर आइस्क्रीमचे कप आले. काकांनी एक कप घेतला, स्टीलची वाटी मागवली, कप तीत पालथा केला आणि पंगतीत ती वाटी समोर ठेवून बसून राहिले. आइस्क्रीम वितळलं. वाटीच्या तळाशी कपाच्या निम्मंच काय ते उरलं. मुलीचे वडील कौतुकानं विचारायला आले, "काय काका, खाल्लं नाही?" काका वाटी त्यांच्यासमोर धरून म्हणाले, "निम्मी हवा आहे. तुमचा काही दोष नाही, सगळ्याच आइस्क्रीमात असते. फुगवल्याशिवाय ते होतच नाही. पण माहीत असावं." त्या गृहस्थांचा चेहरा बघून मला पळून जावंसं वाटलं.

त्यांनी वितळवला तो कप काकूंचा होता. काकूंना मधुमेह, म्हणून काकांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला होता आणि मग वाया कशाला घालवायचा म्हणून प्रयोग केला होता.  घर आल्यावर काकू मला म्हणाल्या, "लगीन झाल्यावर पयल्या गड्ड्याच्या जत्रेत मला आइस्क्रीमचा कोन घिऊन दिला ह्येनी. मी एक घास घेतला, तर सांगायला लागले, ह्यात निम्मी हवा हाय म्हणून. आता तुजं लगीन झाल्यावर तुज्या नवऱ्यानं असं केलं तर काय करशील?"

"डोक्यावर ओतीन," मी म्हणाले. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

हे सगळं वाचून काका कोरडे वाटतील. तसे ते नव्हते. काकूंचा मधुमेह जुना, आणि त्यांचा सगळा आहार काका बघायचे. ओट्यावर छोटा वजनकाटा असायचा. भाकरी साठ ग्रॅम, भात दोन डाव, शेंगाचटणी एक चमचा. सगळं काटेकोर मोजून, वहीत लिहून. रोज सकाळी काकूंच्या बोटाला सुई टोचायची ती त्यांनीच, आणि टोचल्यावर ते बोट बराच वेळ आपल्या हातात दाबून धरायचे. रक्त थांबायला एवढा वेळ लागत नाही. काकू म्हणायच्या, "माजं लगीन काट्याशी झालंय." पण जिन्यावरून मला ते बोट दिसायचं.

त्यांचा संशय दुकानदारावर, कंपनीवर, सरकारी शिक्क्यावर. घरातल्या माणसावर कधीच नाही. "घरातल्या मोजमापावर संशय घ्यावा, माणसावर नाही," असं त्यांनी मला स्वतःच सांगितलं होतं. आणि वर राहणारी मी घरातलीच, हेही.

त्या वर्षी महाशिवरात्रीनंतर लगेच ऊन तापलं. माझी पहिली पाळी असायची. साडेतीनला सुटून स्कूटरवरून घरी यायचे तेव्हा डोकं उकळत असायचं. मी वाटेत आइस्क्रीमचा कप घ्यायची आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून खायची. काका चार वाजता वाचनालयात जायचे ते सहाला परत. एकदा ते गेल्यावर काकू खालच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय खायलीस गं पोरी?"

"आइस्क्रीम, काकू."

"स्वल्प दे की."

स्वल्प म्हणजे कानडीत थोडंसं. काकूंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. त्या रागावल्या किंवा काही मागायला लागल्या की कानडी बाहेर यायची. मी म्हणाले, "काकू, नको. तुम्हाला साखर आहे. काकांना काय सांगू मी?" त्या गुडघ्यावर हात ठेवून आत गेल्या. मला ते लागलं. चाळीस वर्षांत एक कोन आणि तोही हवेच्या हिशोबासकट खाल्लेली बाई, एवढंच मागत होती.

आठवड्याभरानं दुकानाच्या फ्रीजमध्ये मला ते नवीन आइस्क्रीम दिसलं. मोठा डबा, हिरवं झाकण, वर पानाचं चित्र आणि ठळक अक्षरांत 'लो फॅट'. मी काकांच्या घरात राहत होते. मी डबा उलटा केला. लोकांना वाटेल की बघितलंच नाही, पण मी बघितलं. मागे लिहिलं होतं, फॅट अडीच ग्रॅम. साध्या आइस्क्रीमच्या डब्यावर दहा होतं. मला एवढा आनंद झाला की खालची ओळ वाचायची गरजच वाटली नाही. जे शोधत होते ते सापडलं, आणि मी डबा पुन्हा सरळ केला. दिवसभर दुसऱ्यांची लेबलं तपासणारी बाई मी.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला मी काकूंना वर बोलावलं. "काकू, हे तुमच्यासाठी चालतं. ह्यात काही नसतं."

"खरंच चालतंय?"

"लो फॅट आहे. मी वाचलंय मागचं."

त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हवा बी लई ग्वाड लागतीया की गं." आम्ही दोघी हसत सुटलो. त्या दिवसापासून ते रोजचं झालं. रोज सव्वाचारला एक वाटी, माझ्या खोलीत. गुडघे दुखत असूनही त्या जिना चढून यायच्या. माहेरचं सांगायच्या, काकांच्या नकला करायच्या. मला आई नाही. ती दुपारची वाटी त्यांच्याइतकीच मलाही हवी होती, हे मी आज कबूल करते.

"ह्येन्ला सांगू नको," त्या म्हणायच्या. "चालतंय हे खरं, पर ते आधी वितळून बगतील. निम्मं संपंल."

मे महिन्याच्या शेवटी काकूंची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी झाली. आकडा बराच वर गेला होता. सकाळी उपाशीपोटी टोचल्यावर तो एवढा कधी दिसला नव्हता. डॉक्टरांनी गोळी वाढवली. काका घरी आले ते थेट ओट्याशी गेले आणि वही काढून बसले. तीन महिन्यांचा एकेक दिवस त्यांनी पुन्हा तपासला. मग भाकरी साठवरून तीस ग्रॅमवर आणली. आंबा त्या वर्षी घरात आलाच नाही.

मग ते वर आले. मी राहायला आल्यापासून पहिल्यांदा.

"टॉवेलबाई, कारखान्यात शिक्क्याची वजनं असतील ना? प्रमाणित केलेली?"

"असतात की."

"एक दिवस आणाल का? माझ्या काट्यात दोष आहे. असणारच."

मी साहेबांना विचारून वजनांची पेटी स्कूटरच्या डिकीत घालून आणली. काकांनी एकेक वजन रुमालानं पुसून काट्यावर ठेवलं. दहा ग्रॅम, वीस, पन्नास, शंभर. काटा ग्रॅमभरही चुकत नव्हता. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी वजनं एकेक करून पुन्हा पेटीत ठेवली.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे मी चुकतोय."

"असं कसं, काका? दुसरं काही कारण असेल."

"दुसरं काय? ती घरात, मी घरात. मी देतो तेवढंच ती खाते. देताना दोनदा देत असेन आणि एकदाच लिहीत असेन." मग खाली बघून म्हणाले, "आमचे वडील शेवटी शेवटी जेवून उठले की पाच मिनिटांनी पुन्हा ताट मागायचे. त्यांनाही कळत नव्हतं."

काकू दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आम्हा दोघींच्याही मनात तेव्हा पाप नव्हतं. चालणारं आइस्क्रीम खाऊन साखर कशी वाढेल? आम्हालाही खरंच वाटलं की म्हाताऱ्याचं काहीतरी चुकतंय.

भाकरी अर्धी झाल्यावर काकूंना भूक लागायची. खालून आवाज यायचा, "अवो, अजून अर्धी द्या की." आणि काकांचा, "नाही. आकडा बघितलास ना?" काकूंना मात्र ते अगंतुगं करायचे, जगात त्या एकट्यांना. मग काकू दुपारी वर यायच्या आणि मी वाटी जरा जास्त भरायची. पोटात काहीतरी जाऊ दे म्हणून.

जुलैमध्ये एका संध्याकाळी काकांनी मला खाली बोलावलं. बरेच दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता. टेबलावर हिरव्या झाकणाचा रिकामा डबा. वाचनालयातल्या कोणाच्या तरी घरून त्यांनी तो मागून आणला होता. 

"बसा. ही गंमत बघा. लो फॅट म्हणतात, ते खोटं नाही. फॅट खरंच काढलंय. मला शेवटपर्यंत खोटं सापडलं नाही." त्यांनी डबा फिरवला. "पण आइस्क्रीममधून फॅट काढलं की मऊपणा जातो, चव जाते. बर्फ लागतो जिभेला. मग त्या जागी काय घालतात? साखर. आणि हे बघा, माल्टोडेक्स्ट्रिन. मक्याच्या स्टार्चपासून करतात. गोड फारसं लागत नाही, पण रक्तात साखरेसारखंच जातं. काढलं ते पुढं लिहितात, घातलं ते मागं."

"पण साखर चौदाच लिहिलीय, काका," मी म्हणाले. खालची ओळ मी आत्ता पहिल्यांदा वाचत होते. "साध्याला वीस असते."

"शाब्बास! इथंच सगळे फसतात. साध्याचे वीस आहेत शंभर ग्रॅमला. हे चौदा आहेत शंभर मिलीला. मिली म्हणजे आकारमान, हवेसकट. ही शंभर मिली काट्यावर ठेवली तर साठेक ग्रॅम भरेल. आता करा हिशोब. साध्यापेक्षा जास्त साखर आहे ह्यात. एखादा मधुमेही हे चालतं म्हणून रोज खाईल आणि त्याच्या डॉक्टरला कळणार नाही काय होतंय ते."

हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं. समोर त्यांची बायको डाळ निवडत बसली होती. काकूंचा हात थांबला. मला फक्त "काका" एवढंच म्हणायचं होतं, पुढचं आपोआप बाहेर पडलं असतं. काकूंनी माझ्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. नको. आणि मी म्हणाले, "किती बारकाईनं बघता हो तुम्ही." त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकू वर आल्या त्या रडतच. "माजी आन हाय तुला, सांगू नको. चाळीस वर्सांत ह्येनी माज्यावर कदी संशय घेतला न्हाय. आता कळलं तर कसं तोंड दाखवू?" मी उरलेला डबा बेसिनमध्ये ओतला. आता बंद केलं की संपलं, असं आम्ही ठरवलं. काकूंची शपथ मी पुढे केली, पण खरं सांगायचं तर मला माझीच भीती होती. त्यांनी मला घरातली म्हटलं होतं. ते त्यांना परत घ्यावं लागलं असतं.

आम्हाला माहीत नव्हतं ते एवढंच की त्याच आठवड्यात काकांनी मुलाला फोन केला होता. मुलगा आला. काकांनी त्याच्यापुढे वही ठेवली आणि गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं, माझ्या हातून मोजताना चुका होतायत, आईला त्रास होतोय. मुलगा चांगला, समजूतदार. त्यानं स्वयंपाकाला बाई लावली, आहारतज्ज्ञाचा तक्ता भिंतीवर चिकटवला. काकांना ओट्याशी यायची बंदी नव्हती, पण ते आले नाहीत. स्वयंपाकाच्या बाईनं आपल्या सोयीसाठी सगळे पुडे सरळ करून ठेवले. काकांनी ते पुन्हा उलटे केले नाहीत.

नोव्हेंबरात पुन्हा तपासणी झाली. साखर खाली आली होती.

येणारच. आइस्क्रीम बंद होऊन चार महिने झाले होते. पण दिसायला काय दिसलं? काकांचा हात स्वयंपाकघरातून निघाला आणि काकू सुधारल्या. डॉक्टर तसं म्हणाले, मुलगा तसं म्हणाला, शेजारी तसं म्हणाले. काकांनी तो कागद हातात घेतला, दोन्ही आकडे शेजारीशेजारी बघितले आणि म्हणाले, "सिद्ध झालं." आयुष्यभर पुरावा मागणारा माणूस, पुराव्यापुढे मान खाली घालून बसला. मी जिन्यात उभी होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं.

जानेवारीत मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. दोन म्हातारी माणसं, त्यातल्या एकाला विसर पडतोय, सोलापुरात एकटी कशी ठेवायची? घर विकायला काढलं. निघताना काकू माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "तितं गेल्यावर मी सांगीन ह्येन्ला. सवडीनं सांगीन." काकांनी मला त्यांचं भिंग दिलं. "तुम्हाला कामाला येईल," म्हणाले. मी घेतलं. ते कपाटात आहे, मी वापरत नाही.

काकूंनी सांगितलं नाही. दीड वर्षांनी त्या झोपेतच गेल्या. साखरेचा त्याच्याशी संबंध नव्हता, असं मुलानं फोनवर सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

महिन्याभरानं मी पुण्याला गेले. मोठ्या इमारतीत आठव्या मजल्यावर काकांची एक खोली होती. खाट, खुर्ची, औषधांचा कप्पे असलेला डबा, सकाळ-दुपार-रात्र लिहिलेला. ते वाळले होते, पण मला लगेच ओळखलं. "टॉवेलबाई! लेबल बदललं का?" मी नाही म्हणाले. मग मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. महाशिवरात्रीपासून जुलैपर्यंत, रोज सव्वाचारला, हिरव्या झाकणाचं. रडत सांगितलं. ते ओरडतील, जा म्हणतील, याची तयारी करून गेले होते.

त्यांनी विचारलं, "वाटी केवढी?"

मी हातानं दाखवली.

"सपाट की शिगेची?"

"आधी सपाट. जूनपासून शिगेची."

त्यांनी उशाखालून पेन काढलं, औषधाच्या चिठ्ठीच्या मागे आकडे मांडले. ओठ हलत होते. मी त्यांना असं कितीतरी दिवसांनी बघत होते. मग पेन ठेवलं आणि हसले. अगदी मोकळं.

"बसतं. बरोबर बसतं! तो आकडा यायलाच हवा होता." त्यांनी माझा हात धरला. "म्हणजे मी विसरत नव्हतो. माझं मोजमाप बरोबर होतं." आणि दाराकडे वळून मोठ्यानं हाक मारली, "अरे, ऐकलंस का? आईच्या साखरेचं माझं चुकलं नव्हतं! कारण सापडलं!"

बाहेरून मुलाचा आवाज आला, "हो बाबा, हो. दुपारची गोळी घेतली का?"

 मी उठले. "मी सांगते त्यांना, आत्ता सांगते," म्हणाले. त्यांनी मला बसायची खूण केली. ते पुन्हा त्या चिठ्ठीकडे बघत होते. हसू गेलं होतं.

"एका वाटीतून एका भाकरीएवढी साखर जात होती," ते म्हणाले. "अख्ख्या भाकरीएवढी. शिगेची असली तर त्याहून जास्त."

"हो, काका."

"आणि मी तिची अर्धी काढून घेतली." त्यांनी चिठ्ठीवर कुठेतरी बोट ठेवलं. "ती मागत होती. रोज रात्री मागायची. अजून अर्धी द्या की म्हणायची. तिच्या भाकरीत काही दोष नव्हता हो. मी दिली नाही."